जमिनीलगतचा उजेड : गाडीला फॉग लाइट स्वतः बसवताना

पावसाळ्यात आंबोली, माळशेज, वरंधा अशा घाटांत जे धुकं लागतं, तो बहुतेक वेळा रस्त्यावर टेकलेला ढगच असतो. समोरचं दिसेनासं झालं की चालकाचा हात सवयीने अप्परकडे जातो, आणि जे थोडंफार दिसत होतं तेही जातं. काचेपुढे पांढरा पडदा ओढल्यासारखं होतं. अशा वेळी दिव्याची ताकद पुरेशी असते, पण उजेड नको तिथे पडलेला असतो. उजेड कुठे पडावा आणि कुठे पडू नये, एवढ्या एका गोष्टीवर फॉग लाइटचं सगळं तंत्र उभं आहे. ती एकदा नीट समजली की दिवा निवडण्यापासून त्याचं तोंड लावण्यापर्यंतची कामं घरच्या घरी, शांतपणे करता येतात.

धुक्यात हवेत पाण्याचे अतिशय बारीक थेंब तरंगत असतात. एकेकाचा व्यास साधारण 10 ते 20 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा ते पन्नासावा भाग. उजेड त्यांच्यावर पडला की चहूकडे विखुरतो आणि त्यातला काही उलट फिरून चालकाच्याच डोळ्यांत येतो. छोट्या गाडीत चालकाचे डोळे जमिनीपासून एक ते सव्वा मीटरवर असतात आणि हेडलाइट त्यांच्या बरेच खाली. अप्पर लावला की झोत थेट नजरेच्या रेषेत शिरतो. डोळा आणि रस्ता यांच्यामधलं सगळं धुकं उजळून निघतं आणि त्यामागचा रस्ता त्या उजेडात बुडतो. फॉग लाइट बंपरच्या खालच्या अंगाला असतो, त्याचा झोत रुंद आणि चपटा असतो आणि वरची कडा एकदम तुटलेली असते. त्या कडेच्या वर जवळजवळ उजेड जात नाही. उजळलेलं धुकं त्यामुळे नजरेच्या खालीच राहतं आणि त्याच्या वरून रस्त्याकडे बघता येतं.

रस्त्यालगत धुकं विरळ असतं म्हणून दिवा खाली बसवतात, असं पुष्कळदा सांगितलं जातं. घाटात ढगच रस्त्यावर उतरलेला असतो, तिथे वर दाट आणि खाली विरळ असा भरवसा धरता येत नाही. दिवा खाली बसवण्याचं खरं कारण झोत आणि नजर यांच्यातल्या कोनात आहे.

पिवळ्या रंगाबद्दलही असाच एक पक्का समज आहे. पिवळा उजेड धुकं भेदून जातो, असं म्हणतात. दिसणाऱ्या उजेडाची तरंगलांबी 0.4 ते 0.7 मायक्रॉन असते आणि धुक्याचा थेंब त्याच्या कितीतरी पट मोठा. एवढ्या मोठ्या थेंबावरून सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून पिवळा त्यातून जास्त आरपार जातो असं होत नाही. मात्र पिवळ्या दिव्यात निळा भाग गाळलेला असतो आणि डोळ्यांवर येणारी चमक निळ्या उजेडाने अधिक बोचते. त्यामुळे बऱ्याच चालकांना पिवळ्या झोतात डोळे कमी शिणल्यासारखे वाटतात, आणि ते वाटणं खोटं नाही. फ्रान्समध्ये 1993 पर्यंत गाड्यांचे हेडलाइटसुद्धा पिवळे असणं सक्तीचं होतं. आपल्याला पिवळा आवडत असेल तर खुशाल घ्यावा. पण पांढऱ्या आणि पिवळ्यात कामाचा फरक थोडाच आहे. चांगल्या झोताच्या आणि वाईट झोताच्या दिव्यात मात्र फार मोठा आहे.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करावी. फॉग लाइट दूरचं दाखवत नाही. तो दाखवतो रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी, साइडपट्टीचा उतार, दरीकडचा कठडा, वळणावर पडलेला दगड. म्हणजे गाडी रस्त्यावर आहे की नाही एवढं तो सांगतो. घाटात तेवढंच हवं असतं. लांबचं दिसावं म्हणून जो फॉग लाइट घेईल त्याची निराशा होईल, आणि निराशेपोटी तो दिव्याचं तोंड वर करून ठेवेल. मग समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतील आणि त्याला स्वतःलाही पांढऱ्या भिंतीपलीकडे काही दिसणार नाही.

आता दिवा निवडूया. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांच्या बेस मॉडेलला बंपरमध्ये फॉग लाइटची जागा असते, पण तिच्यावर काळ्या प्लास्टिकचं डमी कव्हर बसवलेलं असतं. त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलचा किट मिळत असेल तर डोळे मिटून तोच घ्यावा. दिवा खाचेत नेमका बसतो, उंची आणि कोन उत्पादकाने आधीच ठरवलेले असतात, सोबत जाळीचं कव्हर, रिले, वायरिंग आणि बटण येतं. काही गाड्यांत डमी कव्हरच्या मागे कंपनीचा कपलरही येऊन थांबलेला असतो. तो शोधल्याशिवाय वायर विकत घेऊ नये. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीची वायर कापणं किंवा सोलणं टाळावं, कारण पुढे विजेचा कुठलाही बिघाड झाला की पहिलं बोट तिकडेच दाखवलं जातं. ज्या नव्या गाड्यांत दिव्यांची सगळी सूत्रं संगणकाच्या ताब्यात आहेत, तिथे हे काम अधिकृत सर्व्हिस सेंटरकडेच सोपवावं असं माझं स्पष्ट मत आहे.

डमी कव्हरची जागाच नसेल तर बंपरखाली पट्टी लावून वेगळा दिवा बसवावा लागतो. तिथे उंचीचं बंधन पाळावं. संयुक्त राष्ट्रांच्या 48 क्रमांकाच्या वाहननियमानुसार मोटारीचा पुढचा फॉग लाइट जमिनीपासून 250 मिलिमीटरपेक्षा खाली आणि 800 मिलिमीटरपेक्षा वर नसावा, हेडलाइटच्या डिप्परपेक्षा उंच नसावा, आणि गाडीच्या बाहेरच्या कडेपासून 400 मिलिमीटरपेक्षा आत नसावा. दोन्ही दिवे एकाच उंचीवर आणि मध्यापासून सारख्याच अंतरावर असावेत हे ओघाने आलंच. बॉनेटवर किंवा टपावर बसवलेला दिवा धुक्यात काहीच कामाचा नाही. शिवाय आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 111 गाडीच्या पुढे स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट लावायला मनाई करतो. अपवादात्मक परिस्थितीत, तेही नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीनेच, तो लावता येतो. फॉग लाइटच्या नावाखाली दुकानात जे गोल झगझगीत दिवे विकायला असतात त्यांतले बरेचसे खरं म्हणजे स्पॉट लाइटच असतात. ओळखायचं कसं? दिव्याच्या काचेवर बघावं. वर्तुळात ‘ई’ हे रोमन अक्षर आणि शेजारी आकडा असेल तर तो दिवा युरोपीय नियमांनुसार तपासलेला आहे. सोबत ‘बी’ किंवा ‘एफ 3’ असं लिहिलेलं असेल तर तो फॉग लाइट म्हणूनच तपासलेला आहे.

बल्बकडेही नीट बघावं. फॉग लाइटमध्ये नेहमी दिसणारे हॅलोजन बल्ब म्हणजे एच 8, एच 11 आणि एच 16. पहिला 35 वॉटचा, दुसरा 55 चा, तिसरा 19 चा. तिघांचं बूड दिसायला सारखं असतं, पण खाचा मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या असतात, कारण दिव्याचं प्लास्टिक आणि परावर्तक ठरावीक उष्णतेसाठीच बनवलेले असतात. खाच घासून 35 च्या जागी 55 चा बल्ब दाबून बसवला की काही दिवसांत परावर्तक काळवंडतो किंवा प्लास्टिक वितळतं. हॅलोजनच्या दिव्यात एलईडीचा बल्ब घालणं त्याहून फसवं. परावर्तकाचा आकार फिलामेंटच्या बारीक तारेची जागा धरून काढलेला असतो. एलईडीचा उजेड त्या जागेवरून आणि त्या आकाराने निघत नाही, म्हणून झोताची वरची कडा फुटते आणि उजेड वर सांडतो. भिंतीवर तो लख्ख दिसतो. धुक्यात तोच त्रास देतो. एलईडी हवाच असेल तर मुळातच एलईडीसाठी बनवलेला पूर्ण दिवा घ्यावा. तो वीजही बरीच कमी खातो.

पुढचा सगळा हिशेब 55 वॉटच्या हॅलोजन जोडीचा मांडतो, कारण विजेच्या दृष्टीने तोच सगळ्यांत जड. दोन दिवे मिळून 110 वॉट. 12 व्होल्टने भागलं की सुमारे 9.2 अँपिअर. इंजिन चालू असताना अल्टरनेटर 13.5 ते 14 व्होल्ट देतो, तेव्हा प्रवाह आणखी थोडा वाढतो. आणि थंड फिलामेंटमधून पहिल्या क्षणी याच्या कित्येक पट प्रवाह जातो. हा सगळा भार डॅशबोर्डवरच्या छोट्या बटणातून न्यायचा म्हटलं तर बटणाचे आतले संपर्क काही महिन्यांत जळतात आणि बॅटरीपासून केबिनपर्यंत व तिथून परत दिव्यापर्यंत जाड वायर ओढावी लागते. म्हणून मध्ये रिले लागतो.

रिले म्हणजे विजेने चालणारं बटण. आत एक गुंडाळी असते. तिच्यातून साधारण 0.15 अँपिअरएवढा किरकोळ प्रवाह गेला की ती चुंबक बनते, लोखंडी पट्टी ओढून घेते आणि 30 अँपिअरपर्यंतचा भार पेलणारे संपर्क जुळतात. ‘टक’ असा जो आवाज येतो तो या पट्टीचा. रिलेच्या पायांवर आकडे कोरलेले असतात आणि ते जर्मन मानकाप्रमाणे जगभर सारखेच असतात. 30 वर बॅटरीकडून फ्यूजमार्गे येणारी जाड वायर. 87 वर दिव्यांकडे जाणारी. 86 वर बटणाकडून येणारी बारीक वायर आणि 85 वर अर्थ. पाचवा पाय असेल तर तो 87ए. रिले बंद असताना 30 शी जुळलेला असतो तो हा पाय. आपल्या कामात तो मोकळाच ठेवायचा. चुकून दिव्याची वायर त्याच्यावर लागली तर बटण बंद केल्यावर दिवे लागतील आणि चालू केल्यावर विझतील.

वायरच्या जाडीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण घरी केलेलं काम इथेच सर्वांत जास्त फसतं आणि फसलेलं कळतही नाही. तांब्याच्या 0.5 चौरस मिलिमीटर वायरला मीटरमागे सुमारे 0.035 ओहम रोध असतो. बॅटरीपासून दिव्यांपर्यंत 3 मीटर वायर धरली आणि 9 अँपिअर वाहू दिले तर त्या वायरमध्येच जवळजवळ 1 व्होल्ट खर्ची पडतो. एक व्होल्टने काय बिघडतं, असं वाटेल. पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने पडतो. 13 चे 12 व्होल्ट झाले की उजेडाचा जवळजवळ पाव हिस्सा गेला. दिवे लागतात, म्हणून आपण काम झालं असं समजतो आणि घाटात मात्र मिणमिणता उजेड मिळतो. तीच वायर अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर तूट 0.2 व्होल्टच्या आसपास राहते. तेव्हा बॅटरी ते रिले आणि रिले ते दिव्यांकडे फाटा फुटण्याची जागा यांसाठी अडीचची वायर, तिथून प्रत्येक दिव्याला दीडची, आणि बटणासाठी 0.75 ची पुरेशी आहे. वायर गाडीसाठी बनवलेलीच मागावी. घरगुती वायरचं प्लास्टिक 70 अंशांच्या आसपासच्या तापमानासाठी केलेलं असतं. बॉनेटखाली इंजिनाजवळ त्याहून जास्त ताप असतो आणि तेलही उडतं.

फ्यूज 15 अँपिअरचा, म्हणजे निळ्या रंगाचा. लाल 10 चा अगदी काठावर येतो आणि दिवा लावतानाच्या झटक्याने कधीतरी उडतो. फ्यूज दिव्याचं रक्षण करतो असा समज असतो, पण तो वायरचं रक्षण करतो. वायर कुठेतरी घासली आणि बॉडीला टेकली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते आणि वायर काही सेकंदांत पेट घेते. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतचा तुकडा मात्र या संरक्षणाच्या बाहेरच असतो. म्हणून फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत हवा. रिलेजवळ फ्यूज लावून मोकळं होणं चूक आहे.

आता प्रत्यक्ष काम. मल्टिमीटर, दहाचा पाना, पेचकस, प्लास्टिकच्या क्लिपा उचकटायचं प्लास्टिकचंच साधन, थिंबल दाबायची चांगली क्रिम्पिंग पक्कड, हीट श्रिंक नळी, वायरवर चढवायचा खाचांचा फ्लेक्सिबल पाइप आणि भरपूर केबल टाय एवढं हाताशी असलं की पुरतं. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन पूर्ण थंड. इंजिन गरम असताना रेडिएटरचा पंखा किल्ली काढलेली असली तरी काही गाड्यांत आपोआप फिरू लागतो, हे ध्यानात ठेवावं. मग बॅटरीचं ऋण टोक आधी काढायचं. धन टोक आधी सोडवायला गेलो आणि पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. ऋण काढल्यावर तो धोका राहत नाही. जोडताना उलटं, ऋण सगळ्यांत शेवटी.

डमी कव्हर मागून दाबून निघतं, आणि मागे हात पोचवण्यासाठी दर वेळी बंपर काढावाच लागतो असं नाही. ज्या बाजूचा दिवा बसवायचा त्याच्या उलट बाजूला स्टीअरिंग पूर्ण वळवलं की चाकाच्या पुढे जागा मोकळी होते. चाकावरच्या प्लास्टिकच्या अस्तराचे पुढचे दोन-तीन स्क्रू आणि क्लिपा काढल्या की अस्तर मागे दुमडतं आणि बंपरच्या पोटात हात जातो. थंडीत प्लास्टिक कडक होऊन खाचा तुटतात, म्हणून हे काम सकाळच्या गारव्यात करण्यापेक्षा दुपारी करावं. दिवा बसवताना बोल्ट अर्धेच आवळावेत, कारण तोंड लावायचं काम शेवटी आहे.

रिले बॅटरीजवळ, पाण्याच्या थेट माऱ्यापासून दूर, पाय खाली करून बसवावा, म्हणजे आत गेलेलं पाणी साठत नाही. वायर नेताना मूळ वायरिंगच्या सोबतीने न्यावी. कंपनीने ती वाट उष्णता, पंखा आणि पट्टा टाळूनच आखलेली असते. पाइपमध्ये घालून दर हातभर अंतरावर टाय मारावा. मोकळी लोंबणारी वायर खडबडीत रस्त्यावर कुठल्यातरी धारेवर घासत राहते आणि वर्षभराने शॉर्ट होते.

केबिनमध्ये बारीक वायर नेण्यासाठी फायरवॉलला भोक पाडू नये. स्टीअरिंगच्या किंवा क्लचच्या बाजूला मूळ वायरिंगचा रबरी गोल असतो. त्याच्या कडेला छोटी चीर देऊन ताठ तारेच्या मदतीने वायर आत ओढता येते. रबराच्या बाहेर वायरला थोडा झोळ ठेवावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकून जातं, आत शिरत नाही. केबिनमध्ये ती पेडल आणि स्टीअरिंगच्या दांड्यापासून लांब बांधावी. बटणासाठी डॅशबोर्डवर बहुधा एखादी बुजवलेली रिकामी जागा असतेच.

बटणाला वीज कुठून द्यायची हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय मानतो. थेट बॅटरीवरून दिली तर गाडी बंद करूनही दिवे जळत राहू शकतात, आणि छोट्या पेट्रोल गाडीची 35 अँपिअर-अवरची बॅटरी 9 अँपिअरच्या भाराखाली दोन तासांतच गाडी चालू करण्याच्या स्थितीत राहणार नाही. पार्किंग लाइटच्या फ्यूजवरून दिली तर मात्र दोन गोष्टी एकदम साधतात. पार्किंग लाइट लावल्याशिवाय फॉग लाइट लागत नाहीत, आणि पार्किंग लाइट लागले की मागचे लाल दिवेही लागलेले असतात. धुक्यात आपल्याला पुढचं दिसणं जेवढं गरजेचं, तेवढंच मागच्याला आपण दिसणं.

फ्यूजबॉक्सच्या झाकणावर तक्ता असतो. त्यावरून पार्किंगचा किंवा टेल लाइटचा फ्यूज शोधून मल्टिमीटरने खात्री करावी. दिवा लावल्यावर 12 व्होल्ट, विझवल्यावर शून्य. मूळ वायर न सोलता वीज घेण्यासाठी फ्यूज टॅप मिळतो. मूळ फ्यूजच्या जागी तो बसतो आणि त्याच्यात जुना फ्यूज व आपल्यासाठीचा एक छोटा नवा फ्यूज असे दोन्ही राहतात. तो उलटा बसला तरी दिवे लागतात, म्हणून चूक कळत नाही. तपासायची रीत अशी : पार्किंग लाइट लावून टॅपमधला जुना फ्यूज काढावा. आपल्या वायरवर वीज तरीही असेल तर टॅप बरोबर आहे. वीज गेली तर आपला भार जुन्या फ्यूजमधून जात होता. टॅप फिरवून बसवावा.

जोडांच्या बाबतीत तडजोड नको. वायर न सोलता चिमटून जोडणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिपा सोयीच्या वाटतात, पण त्यांची पाती तांब्याचे काही धागे तोडतात आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथे हिरवा गंज चढतो. वायर पिळून वर टेप गुंडाळणं तर त्याहून वाईट, कारण बॉनेटखालच्या उष्णतेत टेपचा डिंक सुटतो. योग्य मापाची थिंबल नीट दाबावी, ओढून बघावी, वर हीट श्रिंक चढवावी. आणि अर्थ. दिवा मंद जळण्याचं किंवा लुकलुकण्याचं कारण दहापैकी निम्म्या वेळा खराब अर्थमध्येच सापडतं, इतकं हे दुर्लक्षित काम आहे. बॉडीवर जिथे बोल्ट असेल तिथला रंग गोल थिंबलएवढा खरवडून धातू उघडा करावा, थिंबल घट्ट आवळावी आणि वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस फासावं. प्लास्टिकच्या किंवा नुसत्या पत्र्याच्या स्क्रूवर अर्थ घेऊ नये.

सगळं जोडून झालं की फ्यूज अजून लावायचा नाही. आधी बॅटरीचं ऋण टोक जोडावं, बटण दाबून रिलेचा ‘टक’ ऐकावा, मगच 15 चा फ्यूज बसवावा. दिवे लागले की इंजिन चालू ठेवून मल्टिमीटरची लाल सळी बॅटरीच्या धन टोकावर आणि काळी सळी दिव्याच्या धन टोकावर धरावी. दिवा चालू असताना जो आकडा दिसेल तीच वायरमध्ये हरवणारी वीज. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर काम उत्तम. जास्त असेल तर कुठेतरी जोड सैल आहे किंवा वायर बारीक आहे. हीच तपासणी दिव्याचं अर्थ टोक आणि बॅटरीचं ऋण टोक यांच्यामध्येही करावी. पाच मिनिटांचं काम आहे, आणि सोडून देण्याचा मोह फार होतो. तो आवरावा.

आता तोंड लावायचं. सपाट जागेसमोर उभी भिंत हवी. टायरमध्ये योग्य हवा, चालकाच्या जागेवर कोणीतरी बसलेलं. भिंतीपासून दिव्यांपर्यंत साडेसात मीटर अंतर ठेवावं. दिव्याच्या मध्यबिंदूची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीला चिकटपट्टीची आडवी रेघ मारावी आणि तिच्या 10 सेंटिमीटर खाली दुसरी. अंधार पडल्यावर दिवे लावून झोताची वरची कडा खालच्या रेघेवर आणावी, मग बोल्ट पूर्ण आवळावेत. एका वेळी एक दिवा झाकून ठेवला की कडा स्पष्ट कळते.

हे 10 सेंटिमीटर कुठून आले? साडेसात मीटरला 10 सेंटिमीटर म्हणजे मीटरमागे 1.3 सेंटिमीटरचा उतार. दिवा जमिनीपासून 40 सेंटिमीटरवर असेल तर या उताराने झोताची कडा बरोबर 30 मीटरवर रस्त्याला टेकते. म्हणजे नीट लावलेला फॉग लाइट 30 मीटरपर्यंतचा रस्ता दाखवतो, त्यापुढचा नाही. ताशी 40 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला 11 मीटर कापते. काहीतरी दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला तर 16 ते 17 मीटर संपले. ओल्या डांबरावर थांबायला आणखी 12 ते 13 मीटर. बेरीज 30 च्या आसपास येते. ताशी 60 ने तीच बेरीज 50 मीटरच्या पुढे जाते. दिवे कितीही चांगले असोत, दाट धुक्यात ते चाळिशीच्या पुढचा वेग देऊ शकत नाहीत. घाटाच्या वळणांवर तर त्याहून बराच कमी हवा.

मागे भरलेल्या सामानाचाही याच हिशेबाशी संबंध आहे. छोट्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत सुमारे अडीच मीटर अंतर असतं. गणपतीला गावी निघताना मागे तिघं बसले, डिकी भरली आणि गाडीची शेपूट 3 ते 4 सेंटिमीटरने दबली, की मीटरमागे 1.2 ते 1.6 सेंटिमीटर चढ तयार होतो. म्हणजे भिंतीवर काळजीने दिलेला सगळा उतार पुसला जाऊन झोत आडवा होतो, आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. नेहमी भरलेली गाडी घेऊनच घाट चढायचा असेल तर तोंड त्याच वजनानिशी लावून घ्यावं.

वापरताना डिप्परसोबत फॉग लाइट लावून बघावेत, आणि धुकं फारच दाट असेल तर डिप्पर बंद करून नुसत्या पार्किंग लाइटसोबतही. पुष्कळदा दुसऱ्या रीतीने रस्त्याची कडा जास्त स्वच्छ दिसते. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून घाट उतरायची सवय मात्र सोडावी, कारण मग आपण वळतोय की थांबलोय हे मागच्याला कळायला मार्ग उरत नाही. धुकं सरलं की फॉग लाइट बंद करावेत. ओल्या रस्त्यावरून त्यांचा उजेड उसळून समोरच्याला त्रास देतो.

पहिल्या आठवड्यानंतर बोल्ट पुन्हा आवळून बघावेत, कारण धक्क्यांनी ते हमखास थोडे सैल होतात. गाडी धुतल्यावर काचेच्या आत हलकी वाफ दिसून दिवा लावल्यावर ती गेली तर चिंता नाही. पाण्याचे थेंब साठून राहत असतील तर मागचं रबर नीट बसलेलं नाही. डॅशच्या कप्प्यात 15 चा एक फ्यूज आणि एक बल्ब जादा ठेवावा. बल्ब बदलताना जुना पूर्ण गार होऊ द्यावा आणि नव्याच्या काचेला उघडं बोट लावू नये. बोटाचं तेल लागलेली जागा जास्त तापते आणि हॅलोजन लवकर जातो. लागलंच तर स्पिरिटच्या फडक्याने पुसून, सुकवून मग बसवावा.